दुसरं बोट

समाजमंदिराच्या ओट्यावर माझं टेबल.
टेबलावर लॅपटॉप, सॅनिटायझर, सह्यांचं रजिस्टर
आणि आगपेटीएवढं ते यंत्र, काचेखाली लाल उजेड असलेलं.
ओट्याखाली चुन्याचे गोल. गोलांत माणसं कमीच,
चपला, पिशव्या, एका गोलात नुसता दगड.
"हा अजाबरावचा नंबर आहे," शेजारची चप्पलवाली सांगते.

एप्रिल महिना. गावभर मोबाइल वाजून गेलेत.
दोन हजार. नाव सन्मान निधी.
घराघरात कापूस छातीपर्यंत, जिनिंग बंद,
लेकरं कापसावरच झोपतात, रात्रभर अंग खाजवतात,
आणि सकाळी त्यांच्या आया माझ्यापुढे हात धरतात,
मानेवर पुरळ, तोंडाला पदर.

लेतुबाई आत्राम पोडावरून आली, सहा किलोमीटर.
वनपट्टा तिच्या नावचा. तीन एकर, त्यातला एक नुसता गोटाड.
मी तिचा अंगठा काचेवर दाबला.
जुळत नाही.
दुसरं बोट द्या.
जुळत नाही.
ओल्या फडक्यानं पुसलं, खोबरेल लावलं,
मागून कोणी ओरडलं, लिंबू चोळा.
तेवढ्यात तलाठ्याच्या माणसानं पुन्हा सॅनिटायझर ओतलं
आणि सगळं होतं तिथंच आलं.

तिची दहाही बोटं मला त्या दिवशी पाठ झाली.
डाव्या तर्जनीवर विळ्याची खूण,
मधल्या बोटाला नख नाही,
आणि अंगठे वरवंट्यासारखे गुळगुळीत:
बोंडाच्या टोकांनी पस्तीस हंगामांत
एकेक रेघ वेचून नेलेली.
"बोट माहं, पैसे माहे," ती म्हणाली,
"मंग मधात नाही म्हनते ते कोन हाये?"
मी म्हटलं, सर्व्हर.
तिनं सर्व्हरला कोलामीत काहीतरी म्हटलं. मी विचारलं नाही.

चार वेळा आली. चार वेळा परत.
एका व्यवहारामागे मला मिळतं त्यात एक कट चहा येतो,
अंगठा जुळला नाही तर तोही नाही.
हे सांगून ठेवते,
नाहीतर मी उगाच भली वाटेन.

मग पलीकडच्या गावात एक जण पॉझिटिव्ह निघाला,
रस्त्यावर बाभळीचे फाटे पडले.
तीन आठवडे पोडावरून कोणी खाली उतरलं नाही.

मेच्या शेवटी ती आली. उन्हानं डोळे बारीक.
मी सवयीनं म्हणणारच होते, दुसरं बोट,
पण यंत्र पहिल्याच अंगठ्याला वाजलं.
मी तिचा हात उलटा करून पाहिला.
अंगठ्यावर बारीक रेघा उगवल्या होत्या,
नुकत्या वखरलेल्या वावरासारख्या, गोल, एकात एक.
"काय लावलं वं मावशी?"
"काही नाही. कामच नाही ना कोनाचं.
हात मांडीवर ठेवून बसली व्हती."

चार नोटा. तिनं दोनदा मोजल्या,
एक उजेडाकडे धरून पाहिली, गांधीबाबाच आहे ना म्हणून.
दोन बियाण्याच्या पिशवीला.
एक जावयाला, तो तेलंगणातून पायी आला होता.
चौथीचं तिनं सांगितलं नाही.

ऑगस्टात फोन पुन्हा वाजले.
लेतुबाई निंदणातून सरळ आली,
बोटं गवतानं हिरवी-काळी, नखांत माती.
मी अंगठा दाबला.
जुळत नाही.
दुसरं बोट,
म्हणेपर्यंत तिनं हात मागे घेतला,
लुगड्याला पुसला आणि हसली,
खरंच हसली, वरचे दोन दात नाहीत तिला.
"आता काम हाये वं पोरी.
आता कायची वळखते ते."

खुरपं ओट्याच्या कडेला ठेवलं होतं, तेवढं उचललं.
तिच्या गोलात थोडं गवत सांडलं होतं.
मागचा माणूस त्यावर येऊन उभा राहिला.